वादळानंतरची चाळीस वर्षं

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता १९:१२-१४



आजच्या तीन वचनांत दावीद देवाकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी मागतो. पहिली म्हणजे, जी पापं माझी मलाच दिसत नाहीत त्यांपासून मला शुद्ध कर. दुसरी म्हणजे, जी पापं मी जाणूनबुजून करतो त्यांची सत्ता माझ्यावर चालू देऊ नकोस. आपण बहुतेक वेळा दुसरीच प्रार्थना करतो, कारण ते पाप आपल्याला टोचत असतं. पहिली प्रार्थना क्वचितच होते. जे दिसतच नाही त्याबद्दल मागणार काय?

या दोन्ही प्रार्थनांचं उत्तर ज्याला मिळालं अशा एका माणसाबद्दल आज लिहायचं आहे. त्याचं गाणं तुम्ही नक्की गायलं आहे. कॅम्पमध्ये गिटारवर ‘अमेझिंग ग्रेस’ सुरू झालं की शब्द शोधायला मोबाईल काढावा लागत नाही. त्याचा लेखक जॉन न्यूटन.

त्याची गोष्ट आपण साधारण अशी ऐकतो. गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता, वादळात सापडला, तारण झालं, धंदा सोडला, गाणं लिहिलं. पाच मिनिटांच्या साक्षीत छान बसते. पण खरा क्रम असा नाही. खरा क्रम जास्त अवघड आहे, आणि मला वाटतं तुमच्या-माझ्यासारख्यांना तोच जास्त उपयोगी आहे.

न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडनच्या वॉपिंग या बंदराकाठच्या वस्तीत झाला. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान, त्यामुळे महिनोन्‌महिने समुद्रावर. आई एलिझाबेथ देवभीरू होती. तिने त्याला लहानपणीच वाचायला शिकवलं, वचनं आणि गीतं पाठ करून घेतली. मुलाने देवाची सेवा करावी ही तिची इच्छा. पण तो सात वर्षांचा होण्याच्या थोडं आधीच ती क्षयाने गेली. अकराव्या वर्षी तो वडिलांबरोबर जहाजावर चढला.

किशोरवयात त्याने धार्मिक व्हायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तीन-चार वेळा केला. एकदा तर बराच काळ उपास, मांस वर्ज्य, शास्त्रवाचन, कमी बोलणं असं सगळं कडकपणे पाळलं. प्रत्येक वेळी निश्चय मोठा आणि प्रत्येक वेळी घसरण आधीपेक्षा खोल. मग देवच नको असं ठरवलं. त्याला जबरदस्तीने नौदलाच्या ‘हार्विच’ या युद्धनौकेवर भरती केलं होतं. तिथून तो पळाला, पकडला गेला, सगळ्यांसमोर फटके खाल्ले, हुद्दा गेला. पुढे तो नुसता पाप करून थांबत नव्हता, बरोबरच्यांची श्रद्धाही चेष्टा करून मोडत होता.

नौदलातून सुटून तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या सिएरा लिओनच्या भागात, एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे कामाला राहिला. तिथे तापाने आजारी पडला, उपाशी राहिला, अपमान सोसला. प्लँटेन नावाच्या बेटांवरचे ते दिवस. हातात युक्लिडच्या भूमितीचं एक पुस्तक होतं. तो किनाऱ्यावर बसून काठीने वाळूत आकृत्या काढत प्रमेयं सोडवायचा. इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हे चित्र आवडेल. पण त्याच काळातली दुसरी एक गोष्ट मला जास्त लक्षात राहते. तो भुकेने व्याकूळ असताना साखळदंडातल्या गुलामांनी आपल्या तुटपुंज्या घासातला घास त्याला लपूनछपून दिला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

वडिलांनी एका जहाजाच्या कप्तानाला मुलाचा शोध घ्यायला सांगितलं होतं. त्या ‘ग्रेहाउंड’ जहाजावरून न्यूटन परत निघाला. २१ मार्च १७४८ (इंग्लंडच्या तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे १० मार्च). उत्तर अटलांटिकमध्ये वादळाने जहाजाची एक बाजू फोडली. मालात मेण आणि हलकं लाकूड होतं म्हणून जहाज कसंबसं तरंगत राहिलं. तो तासन्‌तास पंप मारत होता, मग अनेक तास सुकाणू धरून उभा होता. आणि सुकाणू धरल्या धरल्या, आईने शिकवलेलं एकेक वचन त्याला आठवू लागलं. ज्याची थट्टा केली त्याच देवाला त्याने हाक मारली. सुमारे चार आठवड्यांनी, अन्न संपायच्या बेतात असताना, जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. तो दिवस तो पुढे आयुष्यभर दरवर्षी प्रार्थनेत पाळत राहिला.

इथे आपली साक्ष संपते. न्यूटनची संपली नाही.

काही महिन्यांतच तो ‘ब्राउनलो’ या गुलामांच्या जहाजावर पहिला मेट म्हणून निघाला. प्रार्थना आधी थंड झाली, मग थांबली. शास्त्रवाचनही सुटलं. गिनीच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत, शिवीगाळ सोडली तर तो जवळजवळ पूर्वीसारखाच झाला होता. वादळात देवाला भेटलेला माणूस, एक वर्षही पुरं झालं नव्हतं!

मग त्याच प्लँटेन बेटांवर त्याला जोराचा ताप आला. अंगात त्राण नसताना तो रांगत-खुरडत बेटाच्या एका निर्जन कोपऱ्यात गेला आणि तिथे प्रार्थना केली. या वेळी त्याने कुठलीही शपथ घेतली नाही. निश्चय करून करून तो थकला होता. आहे तसं स्वतःला प्रभूच्या हाती टाकलं, एवढंच. झगडा त्यानंतरही संपला नाही, पण पापाची सत्ता मोडली ती तिथून, असं तो पुढे मानत असे. दावीदाची दुसरी प्रार्थना इथे पूर्ण झाली.

आणि पहिली?

१७५० मध्ये त्याने मेरी कॅटलेटशी लग्न केलं. त्याच वर्षापासून १७५४ पर्यंत त्याने गुलामांच्या जहाजाचा कप्तान म्हणून तीन फेऱ्या केल्या. होय, तारण झाल्यानंतर! रविवारी खलाशांना जमवून तो उपासना घ्यायचा. केबिनमध्ये लॅटिन शिकायचा, शास्त्र वाचायचा, डायरी लिहायचा, बायकोला प्रेमळ पत्रं लिहायचा. त्या केबिनच्या खालच्या मजल्यावर माणसं साखळ्यांत जखडलेली होती. बंडाच्या संशयावरून मुलांचे अंगठे लोखंडी यंत्रात आवळल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. तुरुंगाधिकाऱ्यासारखं हे काम त्याला मनातून आवडत नव्हतं, दुसरं काम मिळावं अशी प्रार्थनाही तो करायचा. पण हे पाप आहे हे त्याला दिसत नव्हतं. ज्यांनी त्याला आपल्यातला घास दिला होता, त्यांच्याच लोकांना तो विकत होता, आणि सदसद्विवेकबुद्धी गप्प होती.

आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते. सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत याचा अर्थ प्रॉडक्ट बरोबर आहे असा होत नाही. ज्याची टेस्ट कुणी लिहिलीच नाही ते लाल कसं दिसेल? न्यूटन रोज स्वतःला तपासत होता. शिवी दिली का, दारू घेतली का, प्रार्थना चुकली का. सगळं प्रामाणिकपणे. पण डेकच्या खाली काय आहे हा प्रश्न त्याच्या यादीतच नव्हता. त्याच्या काळातल्या बहुतेक ख्रिस्ती लोकांच्या यादीतही नव्हता. लिव्हरपूलमध्ये हा धंदा प्रतिष्ठेचा होता.

१७५४ च्या शेवटी त्याला अचानक झटका आला आणि समुद्र सुटला. म्हणजे धंदा सुटला तो तब्येतीमुळे. मग लिव्हरपूल बंदरावर कस्टमची नोकरी. तिथे नोकरी सांभाळत ग्रीक आणि हिब्रू शिकला. धर्मसेवेसाठी अर्ज केला, नकार मिळाला, वर्षं गेली. १७६४ मध्ये ऑल्नी नावाच्या लहान गावात पाळक म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी त्याची जीवनकथा छापून आली. तिच्यात अनेक पापांची कबुली आहे, पण गुलामांचा व्यापार पाप होता असं ती म्हणत नाही. कवी विल्यम कूपर त्याच्याजवळ राहायला आला. कूपर खोल निराशेत बुडाला तेव्हा न्यूटनने त्याला वर्षाहून जास्त काळ स्वतःच्या घरात सांभाळलं. १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी, १ इतिहास १७ मधल्या दावीदाच्या प्रार्थनेवर, त्याने ते प्रसिद्ध गीत लिहिलं.

म्हणजे आंधळा होतो, आता दिसतं असं गाणाऱ्या माणसाला तेव्हाही सगळं दिसत नव्हतं. गाणं खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. दृष्टी खरंच आली होती. पण देव ती वाढवत होता.

१७८० मध्ये तो लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ मंडळीत आला. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार गुपचूप त्याला भेटायला आला. संसद सोडून सेवेत जावं का, हा त्याचा प्रश्न. न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं. आणि १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी, त्याने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका छापली. जे केलं, जे पाहिलं ते स्वतःच्या नावानिशी. कबुलीला उशीर झाला हे मान्य करून. त्याची मंडळी त्याला आदरणीय पाळक म्हणून ओळखत होती, तो साठी ओलांडलेला होता, गप्प बसला असता तर कुणी विचारलं नसतं. पुढे संसदेच्या समितीपुढेही त्याने साक्ष दिली.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद करणारा कायदा केला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला ८२ वर्षांचा न्यूटन प्रभूकडे गेला. तोवर डोळ्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. स्वतःच्या स्मृतिशिलेसाठी त्याने मजकूर लिहून ठेवला होता. त्यात गुलामांचा चाकर झालेला एक नास्तिक आणि स्वैराचारी माणूस, ज्याला ख्रिस्ताच्या दयेने राखलं आणि क्षमा केली, अशी स्वतःची ओळख आहे. मोठेपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र गोड करून सांगता येणार नाही. न्यूटनला क्षमा मिळाली. त्याच्या जहाजांतून नेलेल्या लोकांना त्यांचं घर परत मिळालं नाही. कृपा पाप धुते, पण पापाची किंमत कुणीतरी दुसऱ्याने मोजलेली असते. म्हणून न दिसणाऱ्या पापासाठी प्रार्थना करणं ही चैन नाही.

मननासाठी

यूथ मीटिंगनंतर एक प्रश्न मी अनेकदा ऐकतो. कॅम्पमध्ये रडून समर्पण केलं, दोन आठवड्यांत रात्री मोबाईलवर पुन्हा तेच. मग ते समर्पण खोटंच होतं का? ‘ब्राउनलो’वरचा न्यूटन आठवा. पडला म्हणून वादळातला देव खोटा ठरला नाही. तो कसा पडला तेही बघा. आधी प्रार्थना शांतपणे सुटली, बाकीचं मागून आलं. आणि उठला कसा? अजून मोठ्या शपथेने नव्हे. रांगत जाऊन. १ योहान १:९ आपल्याकडून कबुली मागतं, विश्वासू राहण्याचं काम देवाचं आहे. अजून एक. १७५४ मध्ये सेंट किट्स बेटावर न्यूटनला अलेक्झांडर क्लूनी नावाचा विश्वासणारा कप्तान भेटला. जवळजवळ महिनाभर दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसायचे, आणि त्या संगतीने त्याचा विश्वास स्थिर झाला. एकट्याने लढू नका. एका विश्वासू माणसाला आज फोन करा.

दुसरी गोष्ट शांतपणे स्वतःला विचारा. माझ्या डेकच्या खाली कोण आहे? मी वचन वाचतो त्याच घरात कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? ख्रिस्तात सगळे एक असं गाऊन झाल्यावर स्थळ बघताना आपण हळूच जात विचारतो का? हे आपल्या यादीत नसतं, कारण आजूबाजूला कुणाच्याच यादीत नसतं. देव दाखवेल तेव्हा सबब सांगू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर बोला. उशीर झाला असला तरी बोला.

प्रार्थना

प्रभू येशू, ज्या पापाशी मी रोज झगडतो त्याची सत्ता माझ्यावर राहू देऊ नकोस. पडलो तर रांगत का होईना, तुझ्याकडेच येऊ दे. आणि जे पाप मला दिसत नाही ते दाखव. दिसल्यावर ते झाकायची नाही, कबूल करायची हिंमत दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.