ताऱ्यांची टेस्टिंग करणारा माणूस: विल्यम फाउलर

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे कुठलीही मोठी थिअरी वाचली की मला पहिला प्रश्न पडतो, हे टेस्ट कसं केलं? विल्यम फाउलर मला आवडतात ते त्यासाठीच.

त्यांचा जन्म १९११ चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. बालपण गेलं ओहायोतल्या लायमा गावात, जिथे वाफेची इंजिनं बनायची. ते वेड जन्मभर टिकलं. कॉलेजात ते गेले सिरॅमिक इंजिनिअरिंगला, पण मग फिजिक्सकडे वळले. १९३६ मध्ये कॅलटेकच्या केलॉग प्रयोगशाळेत पीएचडी झाली. हो, कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग यांच्याच देणगीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा!

तिथे कार्बन आणि नायट्रोजनवर प्रोटॉन आदळून मोजमाप चालायचं. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी दाखवलं, की काही ताऱ्यांमध्ये नेमक्या याच अभिक्रियांतून हायड्रोजनचं हेलियम होतं. म्हणजे ही मंडळी नकळत ताऱ्याचंच इंजिन मोजत होती.

पण यात एक मेख आहे. ताऱ्यातल्या कणांची ऊर्जा तुलनेने कमी असते. तेवढ्याच ऊर्जेवर प्रयोग केला तर अभिक्रिया इतक्या क्वचित होतात, की डिटेक्टरला जवळपास काहीच सापडत नाही. मग जास्त ऊर्जेवर मोजायचं आणि आलेख खाली वाढवत न्यायचा. मध्ये एखादी अनपेक्षित ऊर्जापातळी लपलेली असेल तर सगळा हिशोब चुकतो.

१९५३ च्या सुमारास अशाच एका पातळीसाठी फ्रेड हॉईल कॅलटेकला आले. ताऱ्यांत तीन हेलियमपासून पुरेसा कार्बन बनायचा, तर कार्बनच्या अणुकेंद्रात साधारण ७६.५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टवर एक पातळी असलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. फाउलर यांचा आधी विश्वास बसला नाही. पण त्यांचे सहकारी वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने मोजून पाहिलं, आणि पातळी सापडली! ती नसती तर विश्वात कार्बन फारच कमी असता, आणि आपण नसतो.

तिथून फाउलर हॉईल यांच्यासोबत कामाला लागले. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉईल या चौघांचा शंभरावर पानांचा शोधनिबंध आला. लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं ताऱ्यात कशी शिजतात आणि त्यापुढची सोन्यासारखी जड मूलद्रव्यं न्यूट्रॉन गिळत कशी घडतात, हे त्यात मांडलं होतं.

१९८३ चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना विभागून मिळालं. हॉईल यांना मात्र नाही. आपल्या जयंत नारळीकरांचे हे गुरू. मला हे अजूनही खटकतं. मोजमापाशिवाय थिअरी अडून राहते हे खरं, पण काय मोजायचं हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

फाउलर १९९५ मध्ये गेले. ताऱ्याच्या जवळही न जाता त्यांनी ताऱ्याची टेस्ट केली होती.