मायबाप मालक आणि किर्लोस्करवाडी

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडविणाऱ्या कामगाराला बहिणीच्या लग्नासाठी उचल हवी असली, तर तो शेठकडे जातो आणि पुष्कळदा ती त्याला मिळतेही. तोच कामगार पगाराची पावती किंवा भविष्य निर्वाह निधीचा हिशेब मागू लागला, की मात्र शेठचा चेहरा बदलतो. मदतीला सैल असणारा हात हिशेबाला का आखडावा? याचा विचार करताना मायबाप मालकाचे जे सर्वांत थोर उदाहरण महाराष्ट्राने पाहिले, त्याचे स्मरण होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, पण रंग ओळखण्यात दोष असल्याचे आढळल्याने ती वाट बंद झाली. मग ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी परतले. बंधू रामूअण्णांच्या साथीने त्यांनी सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. पहिले नांगर खपायला फार काळ गेला.

बेळगावची जागा नगरपालिकेने सोडायला लावली, तेव्हा औंधचे पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग यांखेरीज तेथे काही नव्हते. १९१० मध्ये लक्ष्मणराव आपली माणसे घेऊन तेथे उतरले आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे, पाणी आणि शाळा यांची सोय झाली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले. त्या काळी सावकार जाणाऱ्या माणसाच्या पदरात असे जग पडत असेल, तर त्याने मालकाला बाप मानले यात नवल कसले? प्रस्तुत लेखकाच्या मते, आजच्या मालकांनी उचलण्यासारखा भाग हाच आहे: लक्ष्मणरावांचे औदार्य चिऱ्यामातीत बांधलेले होते आणि ते साऱ्यांसाठी होते. एकेकाला खोलीत बोलावून मिंधे करणाऱ्या उचलीची जात निराळी.

तरीही या व्यवस्थेच्या मुळाशी एक अडचण होतीच. जेथे नोकरी आणि घर एकाच हातून मिळते, तेथे नोकरी गेली की घरावरही गदा येते. वेतनाबद्दल कुरबुर असेल, तर ती ज्याच्याकडे मांडायची तोच दुसरा पक्ष असतो. बापाकडे हट्ट धरता येतो, दावा लावता येत नाही. आणि वाढ मागणारा कामगार आपल्याच नजरेत कृतघ्न ठरतो. शिवाय मालक भला असला तरी त्याच्या पुढच्या पिढीवर किंवा व्यवस्थापकावर ते भलेपण बंधनकारक नसते. एरवी लक्ष्मणरावांसारखी माणसे सगळीकडे मिळती, तर कायद्याची गरजच कशाला पडती?

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत वाडीचा कारखाना जाळण्यात आला. चाळीस वर्षांच्या जिव्हाळ्याने उभे केलेले जग बाहेरच्या वणव्यापुढे असे उघडे पडले. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. किमान वेतनाचा कायदा त्याच वर्षीचा आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. मालकाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून असलेल्या काही गोष्टी अशा रीतीने कामगाराच्या नावावर चढल्या. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले, तेव्हा हे दोन्ही कायदे अस्तित्वात आलेले होते.

भाईंदरच्या शेठला लक्ष्मणरावांइतका माळ मिळणार नाही आणि त्याने वाडी वसवावी असे कोणी म्हणतही नाही. उचल त्याने अवश्य द्यावी. मात्र महिन्याच्या पगाराबरोबर पावतीही द्यावी आणि निधीचा भरणा वेळच्या वेळी करावा. त्या दोन कागदांसाठी कामगाराला शेठच्या दारात हात जोडून उभे राहावे लागू नये.