अकरा वर्षांनी मिळालेली पदवी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते सयाजीराव महाराज गायकवाडांनी दिलेल्या मासिक साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध पीएच. डी.साठी सादर केला आणि तो मान्यही झाला. तथापि पदवी हाती आली नाही. प्रबंध मुद्रित करून त्याच्या ठरावीक प्रती जमा केल्याखेरीज विद्यापीठ पदवी प्रदान करीत नसे, आणि छपाईचा भार पेलण्याजोगी त्यांची स्थिती नव्हती. बुद्धीची परीक्षा संपली होती. पैशाची उरली होती.

तेथून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत सरली व त्यांना परतावे लागले. निराळ्या जहाजाने पाठविलेली त्यांची ग्रंथसंपदा महायुद्धात समुद्रार्पण झाली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. अखेर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी काही शिल्लक साठविली. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, यांच्या बळावर १९२० साली त्यांनी पुन्हा लंडन गाठले.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी.साठी सादर केला. ब्रिटिशांच्या चलननीतीवरील त्यातील टीका परखड होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. एव्हाना जवळचा पैसा संपत आला होता. ते मुंबईला परतले, येथूनच सुधारलेला प्रबंध पाठविला आणि १९२३ अखेर तो स्वीकारला गेला. त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांना त्यातील निष्कर्ष पटले नव्हते. तरीही ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. असा गुरू लाभणे हेही भाग्यच.

कोलंबियाची अट मात्र अजून बाकीच होती. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या संस्थेने प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला होता. मुद्रित प्रती न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि ८ जून १९२७ रोजी पीएच. डी. प्रदान झाली. त्याआधी तीन महिनेही झाले नव्हते, २० मार्च रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते.