महासत्तेला साकडे घालणारा मेंढपाळ : संत ऑस्कर रोमेरो

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशात १५ ऑगस्ट १९१७ रोजी ऑस्कर रोमेरो यांचा जन्म झाला. १९४२ साली रोम येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९७७ मध्ये ते सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले. त्यांचा स्वभाव मवाळ, म्हणून सत्ताधारी निश्चिंत होते. परंतु तीन आठवड्यांतच शेतमजुरांचे कैवारी व त्यांचे स्नेही फादर रुतिलिओ ग्रांदे यांची हत्या झाली. तेव्हापासून रोमेरो पीडितांची वाणी बनले.

साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी अमेरिका तेथील लष्करप्रणीत राजवटीला लष्करी साहाय्य देऊ पाहत होती. ते गोरगरिबांच्याच जिवावर उठेल, हे ओळखून रोमेरो यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहिले व ते रोखण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. २३ मार्चच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना स्वतःच्या बांधवांची हत्या थांबविण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करीत असताना वेदीपाशी त्यांना गोळी घालण्यात आली.

पुढे १९९२ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धात सुमारे ७५,००० माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेचे साहाय्य मात्र चालूच राहिले. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमेरो यांना संतपद बहाल केले. महासत्तेने अव्हेरलेली त्यांची विनंती ख्रिस्तसभेने अशा रीतीने आपल्या स्मरणात जतन केली आहे.