ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

जनाबाईंचें गंगाखेड ज्या परभणी जिल्ह्यांत आहे, तेथील ख्रिस्ती कुटुंबांस ओवी म्हणजे काय हें सांगण्याचें कारण नाहीं. आमच्या आज्या-पणज्यांनीं ती जात्यावर बसून गाइली आहे. त्याच ओवींत प्रभु येशू ख्रिस्ताचें समग्र चरित्र चारशें वर्षांपूर्वीं एका इंग्रज धर्मगुरूनें रचिलें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसावें. धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगीं त्यांचें स्मरण करणें उचित होय.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. त्यांच्या तारुण्यांत तेथें एलिझाबेथ राणीचें राज्य होतें, आणि कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें म्हणजे दंड व तुरुंग ओढवून घेणें होतें. थॉमस पौंड नामक एका श्रीमंत मित्राच्या सहवासांत त्यांनीं कांहीं काळ काढला. रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा, असा दोघांनीं निश्चय केला. परंतु पौंड पकडला गेला व पुढें सुमारें तीस वर्षें कैदेंत राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले आणि १५७५ सालीं संघांत दाखल झाले. मित्रास मात्र ते विसरले नाहींत. पौंडास तुरुंगांत असतांच संघांत घ्यावें, अशी विनंती त्यांनीं वरिष्ठांस केली, व ती मान्य झाली. एकानें कोठडींत आणि दुसऱ्यानें समुद्रापलीकडे, असें एकच व्रत दोघांनीं पाळलें.

दि. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें जहाज २४ ऑक्टोबरास गोव्यास लागलें. त्यानंतर फादर स्टीफन्स यांनीं मायभूमि पुन्हां पाहिली नाहीं. चाळीस वर्षांचा काळ बहुतेक साष्टी प्रांतांतच गेला.

१५८३ च्या जुलैंत त्याच प्रांतांतील कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार सहकारी मारले गेले. साष्टींतील देवळें पोर्तुगीज अंमलानें पाडलीं होतीं व लोकांच्या मनांत त्याचा रोष होता, हें आपणही लपवूं नये. मृतांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें काम स्टीफन्स यांनीं केलें. तलवारीच्या आश्रयानें पोहोंचलेला धर्म अंतःकरणांत कसा शिरावा? इतर कांहीं असो, स्टीफन्स यांनीं वाट धरली ती भाषेची.

कोंकणी त्यांनीं अशी आत्मसात केली कीं तिचें व्याकरण रचिलें. तें त्यांच्या मरणानंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें गेलें. परंतु मोठा ग्रंथ त्यांनीं मराठींत लिहिला. त्याचें कारण ग्रंथांतच आहे. नवख्रिस्ती लोकांस प्रार्थना तोंडपाठ झाल्या होत्या. पण जुनीं पुराणें सुटलीं आणि त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं उरलें नाहीं, अशी तक्रार एक ब्राह्मण पाद्रीबाबांपुढें मांडतो. दुसऱ्या एखाद्यानें त्यास दटावलें असतें. स्टीफन्स यांनीं दहा हजार नऊशें बासष्ट ओव्या लिहून उत्तर दिलें! स्वर्गास त्यांनीं वैकुंठ म्हटलें, आणि मराठीचें त्यांनीं केलेलें स्तवन तर आज सर्वपरिचित आहे. देवळांतून हें पुराण वाचलें जात असे.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. देशी लिपींत छपाई व्हावी म्हणून त्यांनीं १६०८ सालीं रोमला पत्र पाठविलें. खिळे सुमारें सहाशें लागतील ही अडचण होती. ते दोनशेंवर आणतां येतील असें त्यांनीं सुचविलें. तें घडलें नाहीं. १६१६ सालीं ख्रिस्तपुराण राचोल येथें रोमन अक्षरांत निघालें, व तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, फादर स्टीफन्स गोव्यांतच निवर्तले.

१६४९ व १६५४ सालीं पुराण पुन्हां छापलें. पुढें १६८४ सालीं देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम पोर्तुगीज व्हाइसरॉयनें काढला. त्या तिन्ही आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि सामान्य ख्रिस्ती लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्या घरोघर जपल्या, त्यांवरूनच १९०७ सालीं मंगळूर येथें तो ग्रंथ पुन्हां रोमन अक्षरांत निघाला. संपूर्ण देवनागरी आवृत्ति पुण्याचे प्रा. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं सिद्ध केली. रोमला पाठविलेल्या त्या पत्रास तेव्हां ३४८ वर्षें झालीं होतीं.