चार्ल्स ॲटलस

दुबळा म्हणून ज्याची कुचेष्टा होई, त्याच मुलाचें चित्र पुढें लाखों मुलांनीं चित्रकथांच्या पुस्तकांत पाहिलें, हें आमच्या वाचकांस नवल वाटेल. त्याचें मूळ नांव अँजेलो सिसिलियानो. १८९२ सालीं इटलींतील आक्री गांवीं तो जन्मला व लहानपणींच न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत आला. प्राणिसंग्रहालयांत अंग ताणणारा सिंह पाहून त्यास व्यायामाची युक्ति सुचली, असें तो सांगे. सिंहापाशीं कोठें वजनें असतात? तळहातावर तळहात दाबणें, दोन खुर्च्यांमध्यें जोर काढणें, अशी त्याची रीत होती.

१९२२ सालीं न्यूयॉर्कच्या स्पर्धेंत अमेरिकेंतील सर्वांत सुडौल पुरुष म्हणून त्याचा गौरव झाला. पुढें चार्ल्स रोमन या भागीदाराच्या साह्यानें त्यानें बारा धड्यांचा व्यायामक्रम टपालानें विकला. त्याच्या जाहिरातींत समुद्रकांठीं अपमान झालेला हडकुळा तरुण कांहीं चौकटींतच बलवान होई. १९७२ सालीं ॲटलस निवर्तला.

विद्यार्थ्यांस आम्ही इतकेंच सांगतों कीं, खुद्द ॲटलसला बळ कमावण्यास कित्येक वर्षें लागलीं. चित्रांतील घाईचा नव्हे, त्याच्या नित्यनेमाचा कित्ता गिरवावा. त्यास पैसा लागत नाहीं.