घाबरलेली राणी एस्तेर



आपल्या कोकणात अलिबाग भागात बेने इस्राएल हा मराठी बोलणारा ज्यू समाज पिढ्यान् पिढ्या राहिला. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. होळीच्या सुमारास येणाऱ्या त्यांच्या पुरीम सणाला ते होळीचा सणच म्हणत. हा सण ज्या बाईमुळे सुरू झाला, ती राणी एस्तेर. ज्यूंच्या धर्मग्रंथात तिच्या नावाचं दहा अध्यायांचं स्वतंत्र पुस्तक आहे. त्यातली तिची जीवनकथा अशी.

एस्तेरचं मूळ नाव हदस्सा. आईबाप लहानपणीच वारले. चुलतभाऊ मर्दखय याने तिला मुलीसारखं वाढवलं. दोघं राहत होते शूशन या राजधानीत, म्हणजे आजच्या इराणमध्ये. तिथला राजा अहश्वेरोश. इ.स.पूर्व ४८६ ते ४६५ या काळातला झर्कसीझ तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याच्या राज्यात १२७ प्रांत होते. राजाने वश्ती राणीला दूर केलं आणि पुढे एस्तेर राणी झाली. आपण ज्यू आहोत हे मात्र तिने मर्दखयच्या सांगण्यावरून कुणालाच कळू दिलं नाही.

राजाचा मोठा अधिकारी हामान. सगळे त्याच्यापुढे वाकत, मर्दखय वाकला नाही. एवढ्या रागावर हामानने सगळ्या ज्यूंना मारायचा हुकूम राजाकडून काढून घेतला. दिवस ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. अशा चिठ्ठीला पूर म्हणत, त्यावरून पुरीम.

मर्दखयने एस्तेरला निरोप पाठवला, की राजाकडे जाऊन विनंती कर. एस्तेर घाबरली. बोलावल्याशिवाय राजापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचे. आणि तिला तर तीस दिवसांत बोलावणंच आलं नव्हतं. तिने हे सगळं मर्दखयला सरळ कळवलं.

मर्दखयने तिला भित्री म्हटलं नाही. हुकमाची नक्कल त्याने आधीच पाठवली होती. आता त्याने समजावलं, की राजवाड्यात बसून तूही वाचणार नाहीस, आणि कदाचित याच वेळेसाठी तू राणी झाली असशील. मग एस्तेरने एकच मागणी केली. शूशनमधल्या सगळ्या ज्यूंनी तिच्यासाठी तीन दिवस उपास करावा. ती आणि तिच्या दासीही करणार होत्या. त्यानंतर मरण आलं तरी जायचं, असं तिने ठरवलं.

तिसऱ्या दिवशी ती राजापुढे उभी राहिली. राजाने राजदंड पुढे केला. पण तिने लगेच गाऱ्हाणं मांडलं नाही. राजाला आणि हामानला जेवायला बोलावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, आणि तेव्हा खरं सांगितलं. हामानला फाशी झाली. मात्र राजाचा हुकूम मागे घेता येत नव्हता. म्हणून ज्यूंना स्वतःचं रक्षण करायची परवानगी देणारा दुसरा हुकूम निघाला. लढाया झाल्या, रक्त सांडलं, पण ज्यू समाज वाचला. तेव्हापासून पुरीमला एस्तेरचं पुस्तक वाचतात, एकमेकांकडे खाऊ पाठवतात, गरिबांना दान देतात.

या कथेतून आपण काय घ्यावं?

१. एस्तेरने भीती लपवली नाही. नेमकं कशाचं भय आहे ते सांगितलं, म्हणून पुढचा मार्ग निघाला.

२. तिने सोबत मागितली. सोबत मागणं म्हणजे कमजोरी नव्हे.

३. तिने घाई केली नाही. धाडसालाही तयारी आणि योग्य वेळ लागते.

४. चौथी गोष्ट आपल्यासाठी, मोठ्यांसाठी. मर्दखयने पूर्ण माहिती दिली, कारण पटवलं, सोबत उभी केली. राजापुढे मात्र तिलाच जाऊ दिलं.

दवनीवाड्यातलं मूल असो की मुंबईतलं, परिपाठात बोलायला उभं राहताना, परीक्षेला बसताना त्याचे पाय लटपटतातच. घाबरू नको एवढं म्हटल्याने भीती जात नाही. कशाची भीती वाटते ते आधी विचारू या, शांतपणे ऐकू या, तयारी करून घेऊ या. मग पाऊल त्याचं त्यालाच टाकू द्या. एस्तेरची भीतीही शेवटपर्यंत गेली नव्हती. ती भीतीसकटच राजापुढे गेली होती.